प्राण आणि कुंडलिनी

आजचा विषय कानाला जरा जड वाटेल, म्हणून आरंभी एक घडलेली गोष्ट सांगतो. मी कॉलेजात नुकताच शिकवू लागलो होतो तेव्हाची. बी. ए. च्या वर्गातला एक खेड्यातला मुलगा तास संपल्यावर माझ्या मागोमाग आला. डोळे खोल गेलेले, गालफडे बसलेली. म्हणाला, "सर, कुंडलिनी जागी झाली हे कसं ओळखायचं?" चौकशी केली तेव्हा कळले, की जत्रेत घेतलेल्या एका पुस्तकावरून हा मुलगा तीन महिने पहाटे तीनला उठून भस्त्रिका करीत होता. छाती फुटेस्तोवर श्वास कोंडीत होता. जेवण एकदाच, आणि झोप जवळजवळ सोडलेली. "पाठीत मुंग्या येतात सर, कानात आवाज घुमतो. म्हणजे ती वर चढतेय ना?"

मी एम. ए. झालेला माणूस. मी त्याला दोन संस्कृत वचने ऐकवली, 'विषय फार गहन आहे बाबा' असे म्हटले आणि वाटेला लावले. आठ दिवसांनी तो वर्गातच चक्कर येऊन पडला. त्याचे वडील आले आणि त्याला गावी घेऊन गेले. जाताना म्हातारा मला एवढेच म्हणाला, "मास्तर, तुमच्याकडं इचारायला आला हुता म्हनं पोरगा."

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. मुलाचा प्रश्न खरे म्हणजे साधा होता. प्राण म्हणजे काय, कुंडलिनी म्हणजे काय, आणि एकाचा दुसरीशी संबंध काय? याचे सरळ उत्तर तेव्हा मजजवळ नव्हते. पुढे जमेल तसे ते शोधले. योग शिकविण्याचा माझा अधिकार नाही. तो ज्याने केला त्याचा. पण या दोन शब्दांचा इतिहास मला सांगता येईल, आणि इतिहास कळला की पुष्कळ भ्रम आपोआप गळून पडतात.

आधी प्राण घेऊ, कारण दोघांत वडील तोच. हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. प्राण कंठाशी आले, पंचप्राण ओवाळून टाकले, मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली, असे आपण म्हणतो. शिक्षक मंडळी व्याकरणाच्या तासाला अल्पप्राण आणि महाप्राण शिकवितात. तोंडासमोर तळहात धरून 'क' म्हणा, मग 'ख' म्हणा. 'ख' म्हणताना तळहातावर वाऱ्याचा झोत जास्त लागतो, म्हणून तो महाप्राण. म्हणजे प्राण या शब्दाच्या मुळाशी श्वास आहे. 'अन्' म्हणजे श्वास घेणे, या धातूपासून तो झाला.

पण उपनिषदांच्या काळीच त्याचा अर्थ श्वासापलीकडे गेला होता. छांदोग्य आणि बृहदारण्यक या दोन्ही उपनिषदांत एक गोष्ट आहे. वाणी, डोळा, कान, मन आणि प्राण यांच्यात भांडण लागले, की आपल्यात थोर कोण? ठरले असे, की ज्याच्या जाण्याने शरीराची सगळ्यांत वाईट दशा होईल तो थोर. वाणी वर्षभर निघून गेली. माणूस मुक्याने जगला. डोळा गेला, आंधळ्याने जगला. कान गेला, मन गेले. तरी गाडा चालला. शेवटी प्राण निघू लागला तेव्हा मात्र, तेजदार घोड्याने उधळून पायांचे खुंट उपटावेत तशी बाकीची सारी इंद्रिये मुळापासून हलू लागली. तेव्हा सगळ्यांनी हात जोडले आणि म्हटले, तू जाऊ नकोस, तूच थोर.

प्रश्नोपनिषदात हाच प्राण राजासारखा दाखविला आहे. राजा जसा गावोगाव अधिकारी नेमतो, तशी प्राणाने आपली कामे वाटून दिली. पुढे पाच प्राणांची स्थाने ठरली: हृदयात प्राण, गुदस्थानी अपान, नाभीपाशी समान, कंठात उदान आणि सर्वांगात व्यान. याच उपनिषदात हृदयातून निघणाऱ्या एकशे एक नाड्या आणि त्यांच्या फाट्या-उपफाट्यांचा हिशेब आहे. कठोपनिषद म्हणते, की त्या एकशे एकांतली एक नाडी मस्तकाकडे जाते आणि तिच्या वाटेने जो वर जातो तो अमर होतो. म्हणजे वाट आहे, वाटेने जाणाराही आहे. पण या जुन्या उपनिषदांत कुंडलिनी हे नाव कोठेही नाही.

पतंजलीच्या योगसूत्रांतही नाही. एकूण सूत्रे १९५, काही पाठांत १९६. त्यांत प्राणायामावर दुसऱ्या पादात ४९ ते ५३ अशी पाच सूत्रे आहेत. उदान आणि समान हे प्राणांचे प्रकारही पुढे येतात. कुंडलिनीचे मात्र नावही नाही. तेव्हा 'कुंडलिनी जागविली नाही तर योग झालाच नाही' असे जर कोणी म्हणू लागला, तर पतंजली त्याच्या साक्षीला उभा राहत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

मग ही कुंडलिनी आली कोठून? ती आली तंत्रग्रंथांतून. कुंडल म्हणजे वेटोळे, कानातले कुंडलही तेच. जी वेटोळे घालून बसली आहे ती कुंडलिनी. शिव आणि शक्ती असे दोन तत्त्व मानणारे जे आगम आणि तंत्रे इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात रचली गेली, त्यांत ती दिसू लागते. तेथे ती जगाची शक्ती आहे, आणि विशेष म्हणजे ती अक्षरांची आई आहे. अ पासून ह पर्यंतचे वर्ण तिच्या वेटोळ्यातून उमलतात असे हे ग्रंथ मानतात. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने इसवी सन १००० च्या सुमारास 'तंत्रालोक' लिहिला, त्यातही कुंडलिनीचा विचार आहे. दहाव्या शतकाच्या आसपासच्या 'कुब्जिकामत' या तंत्रात, आज सर्वांना ठाऊक असलेली सहा चक्रांची मांडणी सापडते.

म्हणजे हे दोन शब्द दोन निराळ्या घरांतले. प्राण वेदांच्या घरचा. श्वासाशी, जगण्या-मरण्याशी जोडलेला. कुंडलिनी तंत्राच्या घरची. मंत्राशी, शक्तीच्या उपासनेशी जोडलेली. दोघांची पक्की सोयरीक जुळविली ती हठयोग्यांनी आणि नाथपंथीयांनी. ही सोयरीक एका दिवसात जुळली नाही. अकराव्या शतकातला 'अमृतसिद्धी' हा हठयोगाचा अगदी आरंभीचा ग्रंथ अलीकडच्या काळात संशोधकांनी नीट अभ्यासला. त्यात श्वास कोंडून मधल्या वाटेने वर नेण्याची सारी विद्या आहे, पण कुंडलिनी नाही. पुढे पंधराव्या शतकात स्वात्मारामाने 'हठप्रदीपिका' लिहिली. तिच्या तिसऱ्या उपदेशाच्या आरंभीच तो म्हणतो, की शेषाने जशी पृथ्वी तोलून धरली तसा साऱ्या योगविद्येला कुंडलिनीचा आधार आहे. अकराव्या शतकातल्या ग्रंथात जिला जागा नव्हती, तीच चारशे वर्षांत साऱ्या विद्येचा पाया झाली.

आता सोयरीक जुळली तरी नाते काय ठरले? येथे ग्रंथांत एकवाक्यता नाही. 'योगयाज्ञवल्क्य' नावाच्या ग्रंथात कुंडलिनी नाभीपाशी वाट अडवून बसली आहे. जुन्या वाड्याच्या दाराला आतून अडसर घातलेला असतो, तशी. प्राण आणि अग्नी यांच्या जोरावर ती हलली, की प्राणाला आत जायला वाट होते. येथे प्रवासी प्राण आहे, आणि कुंडलिनी हा अडथळा आहे. हठप्रदीपिकेतही ती तोंडाने दार अडवून झोपली आहे. पण तोच ग्रंथ असेही म्हणतो, की किल्लीने दार उघडावे तसे योग्याने कुंडलिनीने मोक्षाचे दार उघडावे. म्हणजे अडसरही तीच आणि किल्लीही तीच! आणि आणखी पुढे गेलेले ग्रंथ म्हणतात, की प्रवासीही तीच. चक्रामागून चक्र ओलांडीत तीच वर जाते.

श्रोते हो, अशा या गुंत्यात आपल्या मराठीत एक ग्रंथ आहे, की ज्यात हे नाते मला तरी सर्वांत स्वच्छ दिसले. तो म्हणजे ज्ञानेश्वरी. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, स्थळ नेवासे. हठप्रदीपिकेच्या आधीचा हा काळ. ज्ञानदेवांचे गुरू त्यांचे थोरले बंधू निवृत्तिनाथ, त्यांचे गहिनीनाथ, त्यांचे गोरक्षनाथ, त्यांचे मत्स्येंद्रनाथ, आणि त्यांच्याही आधी आदिनाथ म्हणजे शंकर, अशी ही परंपरा. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन कसे घालावे, शरीर, मान, डोके सरळ कसे ठेवावे, एवढेच सांगणारे श्लोक आहेत. त्यांत कुंडलिनीचा शब्दही नाही. पण तेथे आल्यावर ज्ञानदेवांनी आपल्या नाथांच्या घरचे गुपित उघडे केले, आणि तेही संस्कृतात नव्हे, तर नांगर धरणाऱ्यालाही समजेल अशा मराठीत.

त्यांनी केलेले वर्णन थोडक्यात सांगतो. कुंकवाने न्हालेले नागाचे पिलू अंथरुणावर वेटोळे करून निजावे, तशी ती खाली तोंड करून निजली आहे. वेटोळी किती? तर 'औट'. ज्यांनी जुन्या शाळेत औटकी पाठ केली असेल त्यांना सांगायला नको, की औट म्हणजे साडेतीन. साधक आसन घालतो, बंध लावतो. त्यामुळे खाली जाणारा अपान वायू कोंडतो, उलटा फिरतो, फुगतो, आणि त्या रेट्याने व उष्णतेने ती जागी होते. हे झाले नात्याचे पहिले पाऊल: वायू तिला जागे करतो.

जागी झाल्यावर ती भुकेली असते. ती शरीरातले मांस आणि सातही धातू खाऊन टाकते, आणि तृप्त झाल्यावर तिच्या तोंडून जे गरळ बाहेर पडते तेच अमृत होऊन त्यावर प्राण जगतो. हे दुसरे पाऊल: आता ती प्राणाला जगविते. ज्याने तिला उठविले त्याचीच ती आई झाली.

आणि मग तिसरे पाऊल. वर जाता जाता तिचे तेज मावळते. ज्ञानदेव म्हणतात, वाऱ्याचीच एक बाहुली होती, तिने सोन्याचे वस्त्र पांघरले होते, ते तिने फेडून बाजूला ठेवले. वस्त्र गेले, उरला वारा. तेव्हा तिला कुंडलिनी म्हणायचे नाही, मारुत म्हणायचे, म्हणजे वायू, म्हणजेच प्राण. मात्र लगेच ते एक गोष्ट बजावतात: नाव बदलले तरी तिचे शक्तिपण गेलेले नाही. शिवाला मिळेपर्यंत ते राहते. समुद्राचे पाणी ढगातून पडून नदी होते आणि परत समुद्राला मिळते, तसा हा शेवट.

आता या तिन्ही पावलांचा अर्थ एकत्र लावून पाहा. आपली भीमा पंढरपुरात आली की तिला चंद्रभागा म्हणतात. गाव ओलांडले की ती पुन्हा भीमा. पाणी तेच. वळण आले म्हणून नाव वेगळे. तसा प्राण आणि कुंडलिनी यांचा संबंध ज्ञानदेवांनी पाहिला. श्वासाच्या रूपाने हलते तेव्हा तिला प्राण म्हणावे, वेटोळे घालून निजते तेव्हा कुंडलिनी. दोन शक्ती नाहीत. एकाच शक्तीच्या दोन अवस्था आहेत.

येथे कोणी शंका काढील, की हे सारे शरीरात दिसते का? ही शंका नवी नाही. स्वामी दयानंद सरस्वतींनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे, की तरुणपणी त्यांनी गंगेत वाहत आलेले एक प्रेत बाहेर काढले, चाकूने चिरले, आणि योगाच्या पुस्तकांतली चक्रे त्यात आहेत का ते ताडून पाहिले. एकही मिळेना. तेव्हा त्यांनी ती पुस्तके फाडून प्रेताबरोबर नदीत सोडून दिली. केवढे धैर्य! पुढे १९२७ साली मुंबईचे डॉक्टर वसंत रेळे यांनी उलट दिशेने प्रयत्न केला. कुंडलिनी म्हणजे मेंदूतून निघून पोटापर्यंत जाणारी उजवी व्हेगस नस होय, असे त्यांनी एका पुस्तकात मांडले. त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली कलकत्ता हायकोर्टाचे माजी न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ यांनी, ज्यांनी १९१९ साली पूर्णानंदांच्या 'षट्चक्रनिरूपणा'चे इंग्रजी भाषांतर छापले होते. गंमत अशी, की प्रस्तावनेतच त्यांनी लेखकाशी मतभेद नोंदविला. त्यांचे म्हणणे, कुंडलिनी ही कोणतीही नस नव्हे. ती स्थिर राहून साऱ्या देहाला आणि त्यात हलणाऱ्या प्राणांना आधार देणारी शक्ती आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर धरणात तुंबलेले पाणी आणि पाटातून वाहणारे पाणी यांत जे नाते, तेच कुंडलिनी आणि प्राण यांत. हे मत ज्ञानदेवांच्या मताला बरेच जवळ येते.

तिसरा मार्ग स्वामी कुवलयानंदांनी धरला. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. जे मोजता येते ते मोजायचे, असा त्यांचा बाणा. नौली आणि उड्डियान करताना पोटातला दाब किती उतरतो, हे त्यांनी यंत्र लावून तपासले. प्राणाची जी बाजू शरीरात उतरते तिची परीक्षा प्रयोगशाळेत होऊ शकते, हे त्यांनी दाखविले. कुंडलिनीची परीक्षा अशी होत नाही. ती साधकाच्या अनुभवाची भाषा आहे. नकाशावरची निळी रेघ म्हणजे नदी नव्हे. पण म्हणून नकाशा खोटाही नव्हे. चिरलेल्या प्रेतात चक्रे सापडली नाहीत, हे खरे. पण ज्या ग्रंथकारांनी चक्रे सांगितली ते जिवंत, श्वास घेणाऱ्या, डोळे मिटून बसलेल्या माणसाविषयी बोलत होते, हेही खरे.

म्हणून या इतिहासातून मला एक व्यवहाराची गोष्ट कळली. कुंडलिनीकडे जायची वाट या साऱ्या हठयोग्यांच्या मते प्राणावरून जाते, आणि प्राणाच्या बाबतीत ते सगळे कमालीचे सावध आहेत. नाथपंथी ग्रंथ माणसाचे दिवसाचे श्वास २१,६०० मानतात. शाळेतल्या मुलांना गणित घाला: दिवसाची मिनिटे १,४४०, तेव्हा मिनिटाला श्वास १५ होतात. इतके जपून ते श्वास मोजीत. हठप्रदीपिका सांगते, सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवायचे असतात तसाच प्राण; घाई केली तर तो साधकाचाच जीव घेतो. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळे यांचे दुखणे लागते, असेही ती स्पष्ट म्हणते. गीता सांगते, फार खाणाऱ्याला योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि जागरण करणाऱ्यालाही नाही. आणि ज्यांनी कुंडलिनीचे इतके भरभरून वर्णन केले ते ज्ञानदेव? तेच बाराव्या अध्यायात म्हणतात, की ही योगाची वाट फार कष्टाची आहे, भक्तीची वाट सोपी आहे. ज्याला घरातले सारे ठाऊक आहे तोच सांगतो, की बाबा, या दाराने येण्याचा हट्ट धरू नकोस.

तेव्हा कोणी महाराज गावात येऊन आठ दिवसांत कुंडलिनी जागवून देतो म्हणू लागला, तर त्याला एवढेच विचारावे: तुमच्याकडे जेवणाझोपेचा नियम काय? श्वासाचा अभ्यास किती वर्षांचा? उत्तर दक्षिणेच्या आकड्याने सुरू झाले, तर आपण समजून असावे.

माझा तो विद्यार्थी बरा झाला. आईच्या हातची भाकरी आणि रात्रीची झोप, हेच त्याचे औषध झाले. वर्षभराने त्याने परीक्षा दिली आणि पुढे तो प्राथमिक शाळेत शिक्षक झाला. काही वर्षांपूर्वी भेटला तेव्हा मी त्याला हे सारे सांगितले, आणि तेव्हा सांगता आले नाही म्हणून चूकही कबूल केली. तो हसला. म्हणाला, "सर, तेव्हा जर तुम्ही नुसतं 'पोरा, जेवून झोप' म्हणाला असता, तरी चाललं असतं."

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडेही असा एखादा मुलगा येईल. त्याला गहन म्हणून परत पाठवू नका. जे ठाऊक आहे ते साध्या शब्दांत सांगा, आणि आधी तो जेवला आहे का, ते विचारा.